किशोरवयीन मुलांसाठी निसर्गातील साहसोपचार: पालक हा मार्ग का निवडतात?

प्रश्न (एक आई):
माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्याने शाळेत जाणे जवळजवळ सोडले असून रात्रभर दार लावून तो मोबाइलवर असतो. समुपदेशकाकडे नेले, तर तासभर मान खाली घालून बसतो. अशा मुलांना डोंगरात किंवा जंगलात नेऊन उपचार केले जातात, असे वाचले. पालक हा मार्ग नेमका कशासाठी निवडतात आणि त्यावर कितपत विश्वास ठेवावा?

उत्तर १ (समुपदेशक):
बहुतेक पालक बाकीचे सारे उपाय करून थकल्यावरच इकडे वळतात. समोरासमोर बसवून प्रश्न विचारले की अनेक मुले मिटून जातात. तीच मुले सोबत चालताना किंवा चूल पेटवताना, नजरेला नजर द्यावी लागत नसल्यामुळे, आपणहून बोलू लागतात. शिवाय घरात प्रत्येक चुकीची जाणीव आई-वडिलांच्या तोंडून होते आणि तिचे भांडण होते. डोंगरात तंबूच्या दोऱ्या ढिल्या राहिल्या तर रात्रीच्या पावसात अंथरूण भिजते, त्यावर कोणी बोल लावत नाही, आणि दुसऱ्या संध्याकाळी तेच मूल प्रत्येक दोरी ओढून पाहते. माझ्या मते या उपचाराचे खरे बळ इथेच आहे.

मात्र साहस शिबिर म्हणजे उपचार नव्हे. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या पुढाकाराने १९४१ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे सुरू झालेली 'आउटवर्ड बाउंड' ही साहस-शिक्षणाची शाळा तरुण खलाशांना कणखर बनवण्यासाठी होती. उपचार म्हणायचे, तर परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञाने मुलाला आधी तपासलेले हवे आणि पुढेही तो नियमितपणे भेटायला हवा.

उत्तर २:
दुसरी बाजूही पाहावी, अशी कळकळीची विनंती आहे. अमेरिकेत अशा कार्यक्रमांत मुलांचे मृत्यू झालेले आहेत; तेथील संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २००७ मध्ये अशा दहा प्रकरणांची छाननी केली, तेव्हा अप्रशिक्षित कर्मचारी, अपुरे अन्न आणि आजारी मुलाला 'नाटक करतो' म्हणून चालायला लावणे, असे प्रकार पुढे आले. भाडोत्री माणसांकरवी मुलाला मध्यरात्री झोपेतून उठवून नेण्याची पद्धतही तिथे होती. असे नेलेले मूल पालकांवर पुन्हा विश्वास कसा ठेवील? जी संस्था मुलाशी थेट बोलू देत नाही, तिथे पाठवू नये.

उत्तर ३ (एक वडील):
आमची मुलगी स्वतः तयार झाल्यावरच गेली होती. ती मोकळी होऊन परतली, पण घरातले आमचे टोकणे तसेच राहिल्यामुळे काही आठवड्यांतच पुन्हा खोलीत बसू लागली. आम्ही तिघांनी मिळून समुपदेशन सुरू केले, तेव्हा कुठे फरक टिकू लागला. संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारा की परतल्यानंतर ते काय करतात.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. आधी त्याची मानसोपचारतज्ज्ञाकडून नीट तपासणी करून घेते. पाठवायचे की नाही, हे त्याच्याशी बोलल्याशिवाय ठरवणार नाही.