नवरात्रीचे नऊ रंग नक्की आले कुठून?

सायली_ठाणे
ऑफिसच्या ग्रुपवर रंगांची यादी आली एकदाची. साडी नेसायला मला आवडतं, तक्रार त्याची नाहीये. पण यंदा यादीसोबत एक फॉरवर्डही आलंय, पहिली माळ शैलपुत्रीची म्हणून अमुक रंग, दुसरी ब्रह्मचारिणीची म्हणून तमुक, आणि हे सगळं म्हणे पुराणात दिलंय. आमच्या आजीकडे घट बसायचे, अखंड दिवा, रोज एक माळ, अष्टमीला ती घागर फुंकायला पण जायची, पण आज कुठला रंग हे तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मग हे सुरू कोणी केलं?

जुना_वाचक
पेपरने 😀 महाराष्ट्र टाइम्सने वीसेक वर्षांपूर्वी रोजचा रंग छापायला घेतला, त्या रंगाच्या साड्या नेसून बायकांनी ग्रुप फोटो पाठवायचे आणि ते छापून यायचे. बँका, शाळेच्या स्टाफरूम, हॉस्पिटलच्या नर्सेस, लोकलचा लेडीज डबा. तेव्हा फेसबुक-इन्स्टा कुठे होतं, पेपरात फोटो येणं म्हणजे केवढं कौतुक, कात्रण जपून ठेवायचे लोक. खपाचा हिशोब असणारच त्यात, पण चाललं झकास. पंचांगकर्ते दा. कृ. सोमण यांनी कितीदा सांगितलंय की याला धर्मशास्त्राचा आधार नाही, ऐकतंय कोण.

गणिताचे_सर
फॉरवर्ड तपासायला पुराण उघडायची पण गरज नाही. रंग वारावरून ठरतात. २०२४ ला घटस्थापना गुरुवारी होती, पहिला रंग पिवळा. २०२५ ला सोमवारी, पहिला रंग पांढरा. शैलपुत्री दोन्ही वर्षी पहिल्याच दिवशी. मग देवीने वर्षभरात आवड बदलली का? सात वार संपले की उरलेल्या दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा यातलं काहीतरी येतं. म्हणजे आधी यादी आली आणि मागून कोणीतरी त्याला देवीचं नाव चिकटवलं.

कडीपत्ता
आणि यात नवीन काय आहे? १९७५ ला जय संतोषी माँ पिक्चर आला आणि घरोघरी शुक्रवार सुरू झाले, गूळ-चणे, आंबट बंद. त्याआधी कितीशा घरांत माहीत होती ही देवी? कालनिर्णय १९७३ चं, आता संकष्टीचा चंद्रोदय भिंतीवर बघतात, पंचांग कोण काढतंय. सार्वजनिक गणपतीमागे पण केसरी होताच की. छापून आलं की दहा-पंधरा वर्षांत ते आपलं 'पूर्वापार' होतं.

निशिगंध
केसरीची तुलना नाही पटली, तिथे राजकारण होतं, इथे साडीसेल. पण मला वेगळंच सांगायचंय. माझी आई लवकर विधवा झाली. हळदीकुंकवाला बोलावणं बंद, ओटी भरायला सवाष्णच हवी, भोंडल्याला गेली तरी मागे उभी. ती नोकरी करायची तिथे रंग सुरू झाले तेव्हा तुला नवरा आहे का हे कोणी विचारलं नाही, मंगळवारी लाल म्हणजे सगळ्यांना लाल. शेजारच्या टेबलवरच्या कॅथलिक बाई पण नेसून यायच्या. भटजी नाही, सोवळं नाही. आधार नाही म्हणता ना, मग आधार नाही म्हणूनच तिला त्यात जागा मिळाली असं मी म्हणेन. पुराणात असतं तर आधी नियम आले असते.

सायली_ठाणे
निशिगंध, हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि म्हणूनच ते फॉरवर्ड आता जास्त खटकतंय, कारण एकदा पुराणात आहे म्हटलं की पुढचं पाऊल म्हणजे कोणी नेसायचं आणि कोणी नाही.

रात्रपाळी
जागा मिळते हे खरं पण पैसे पण लागतात हो. आमच्याकडे हाऊसकीपिंगच्या कंत्राटी मुली युनिफॉर्मवर असतात, फोटोच्या वेळी त्यांना "जरा बाजूला व्हा" सांगतात. आणि राखाडी साडी मुळात कोणाच्या कपाटात असते मला सांगा. मी ग्रुपवर लिहिलं की ज्याच्याकडे जे असेल ते घाला, ओढणी चालेल, नुसती टिकली चालेल, आणि फोटोत सगळे. मुली आल्या फोटोत. बाकी शनिवारी निम्म्या जणी नवी कोरी राखाडी साडी घेऊन हजर, एकीला तर घडीवरचं लेबल काढायला पण वेळ मिळाला नव्हता.