पहिली रोडबाईक कशी घेतलीत? (आणि कुठे फसलात?) अनुभव सांगा

जुनी_हायब्रिड

परवा भाच्याचा फोन. "मामा, दोन वर्षं हायब्रिड सायकलवर ऑफिसला जाऊन राहिलो, आता रोडबाईक घ्यायची आहे. कोणती घेऊ?" मी मोठ्या तोऱ्यात सांगायला तोंड उघडलं आणि एकदम आठवलं, आपण स्वतः काय दिवे लावले होते.

२०१६. इंदूरात सुदामा नगरहून पलासियाला हायब्रिडवर जायचो. सरळ हँडल, ३५ मिमीचे टायर, मागे कॅरियर, कॅरियरला डबा. रोजच्यासाठी झकास. पण रविवारी ग्रुपबरोबर बायपासला गेलो की बाकीचे गप्पा मारत मारत पुढे निघून जायचे आणि समोरच्या वाऱ्याशी मी एकटा. म्हटलं, दोष सायकलचा.

दुकानात एकच रोडबाईक (खाली वळलेलं हँडल, बारीक टायर) शिल्लक, फ्रेम ५६ सेंमीची. माझी उंची पाच फूट सहा. दुकानदार म्हणे, "भिया, सीट नीचे कर देंगे, स्टेम छोटा डाल देंगे, टनाटन हो जाएगा." वर सात हजार कमी केले. मी त्या सात हजारांकडे बघितलं, सायकलीकडे बघितलंच नाही.

राऊपर्यंत मजा आली. परत येताना मान अशी आखडली की मागची गाडी बघायला अख्खं धड वळवायला लागत होतं. हूडवर, म्हणजे ब्रेकच्या रबरी मुठींवर, हात ठेवले की कोपरं ताठ, म्हणजे रस्त्याचा प्रत्येक दणका थेट खांद्यात. मग ११० मिमीचा स्टेम (हँडल धरणारा दांडा) काढून ७० चा टाकला. हात जवळ आले, पण हँडल असं भिरभिरायला लागलं की एका हाताने बाटली काढायची हिंमत होईना. सीट खाली करून पायांचं माप जमतं हो, पण वरची नळी लांब ती लांबच.

सव्वा वर्षाने अर्ध्या किमतीत विकली. घेणारा चांगला उंच होता. तो बसला आणि सायकल एकदम शोभून दिसली. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तर भाच्याला काय सांगू? पण आधी तुमचं काय झालं ते लिहा.

खंडवा_रोड

क्लॅरिस की सोरा, क्लॅरिस की सोरा. दोन्ही शिमानोचे गियर सेट. तीन महिने. मागे आठ गियर की नऊ, यावरून घरात लोक माझ्याशी बोलायचे बंद झाले. शेवटी क्लॅरिस घेतली आणि सिमरोलच्या पुढे भेरू घाटात कळलं की प्रश्न आठ-नऊचा नव्हताच. पुढे ५० आणि ३४ दात्यांची दोन चक्रं (५०/३४), मागचं सगळ्यात मोठं चक्र २८ दात्यांचं. हायब्रिडला पुढे तिसरं छोटं चक्र होतं ना, ते घाटात सवयीने शोधत होतो, बोट नुसतंच खटके देतंय. बाजूने ट्रकवाला "उतर के धक्का मार ले" म्हणून गेला.

नंतर ३२ ची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) टाकली. त्यासाठी मागचा डिरेलर (चेन सरकवणारा भाग) लांब पिंजऱ्याचा लागला, तो खर्च वेगळा. भाच्याला सांगा, घेतानाच दाते मोजून घे.

पोहे_जीरावन

माझं रोडबाईक घेण्याचं एकमेव कारण: राइडवरून परत येईपर्यंत पोहे संपलेले असायचे. आता नसतात. पैसे वसूल.

रामबागकर_ताई

सगळे पाच फूट सहाचं रडताहेत, मी पाच एक आहे. दुकानात जावं तर "मॅडम, ये लेडीज वाली देख लो" म्हणून पुढे बास्केट लावलेली सायकल दाखवतात.

शेवटी ४८ ची मागवून घेतली. छोट्या फ्रेमची एक गंमत कोणीच सांगितली नव्हती. हळू वेगात हँडल वळवलं की बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. रीगलला यू-टर्न घेताना लागलं आणि मी भर चौराह्यात आडवी. दोन रिक्षावाले धावत आले, एकाने मला उचललं, दुसऱ्याने सायकल. सायकलवाला म्हणे, "अरे बाप रे, कितनी हल्की है!" आणि दुसऱ्याच्या हातात दिली बघायला. मी तशीच उभी, कोपर झाडत. आता हळू वळताना आतला पाय वर ठेवते, सवय झाली.

दुसरं म्हणजे ब्रेक. लिव्हरपर्यंत बोटं पोचत नव्हती, दोन महिने मला वाटलं माझेच हात नाजूक. मग पुण्याच्या चुलत भावाने फोनवर सांगितलं, बऱ्याच लिव्हरना आत एक बारीक स्क्रू असतो, रबर मागे सारून बघ. सापडला! दोनतीन फेरे आवळला, लिव्हर जवळ. ज्याने सायकल जोडून दिली त्याला हे माहीत नसावं? की मला विचारायची गरज वाटली नाही?

जुनी_हायब्रिड

ताई, रिक्षावाल्याचं वाचून हसलो, माफ करा. स्क्रूचं मलाही आत्ता कळलं.

रामबागकर_ताई

हसा हसा, आमच्याकडे अजून हसतात.

हवा_कमी

हवा!! हायब्रिडला पेट्रोल पंपावर ६० पीएसआय भरायचो. रोडबाईकला २५ चे टायर, तेही ६० वरच चालवले दहा दिवस, कारण पंपाचं तोंड त्या बारीक वाल्वला बसतच नव्हतं. तेजाजी नगरच्या अलीकडे एक खड्डा, धाड, बसलं. ट्यूब काढली तर दोन भोकं शेजारी शेजारी, साप चावल्यासारखी. रिमवर ट्यूब चेपली की असंच होतं म्हणे.

पुढे पंक्चरवाला. वाल्वकडे बघून म्हणतो, "इसमें तो सुई है भिया." मी नको नको म्हणेपर्यंत पक्कडीने सुई धरून ओढली. सुई त्याच्या हातात, मी बसस्टॉपवर.

आता: ८५-९० हवा, घरी उभा पंप, बॅगेत दोन ट्यूब आणि साधा पंप बसावा म्हणून वाल्वला लावायची पितळी टोपी. टोपी वीस-तीस रुपयांची, पण तीच नसते खिशात.

पोहे_जीरावन

तेजाजी नगरच्या त्या पंक्चरवाल्याशेजारी कचोरीवाला आहे तोच का?

हवा_कमी

तोच. त्या दिवशी तीन खाल्ल्या. दुःखात.

बडोदेकर

आमच्या बडोद्यात चढ म्हणजे रेल्वेचा पूल. ५०/३४, ३२ ची कॅसेट वगैरे वाचून इतिहासाच्या धड्यासारखं वाटलं. चढ बघायला पावागडला जावं लागतं, जाऊन-येऊन शंभरच्या आसपास. तरी मी घेताना उताणा पडेन इतकं खाली वाकणारं रेसिंगचं हँडल घेतलं, कारण फोटोत छान दिसत होतं. सहा महिन्यांत खाली रिंगा टाकून हँडल वर घेतलं. इतक्या रिंगा की मित्र बांगड्या म्हणतात.

खंडवा_रोड

उताणा नाही हो, पालथा.

बडोदेकर

पालथा. इकडे राहून मराठी गेली.

शेपटीवाला

एकच सांगतो, हायब्रिड विकू नका. मी विकली. रोडबाईकला कॅरियर लागेना, मडगार्डला जागा नाही. जुलैमध्ये ऑफिसला पोचलो तर पाठीवर खालपासून मानेपर्यंत चिखलाची शेपटी. मीटिंगमध्ये भिंतीला टेकून उभा राहिलो पाऊण तास. साहेब म्हणाले बसा, मी म्हटलं नको, पाठ दुखतेय.

सपाट_हँडल

मी अजून हायब्रिडवरच आहे, धाग्यात घुसलो माफी. ३५ चे काढून २८ चे टायर टाकले, बस. त्याच सायकलवर २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड) १२ तास ४० मिनिटांत केली, मुदत साडेतेरा तासांची असते. शेवटच्या पन्नासात तळहात बधिर झाले हे मान्य, सरळ हँडलवर हात बदलायला जागाच नसते. रात्री जेवताना चमचा पडत होता हातातून.

खंडवा_रोड

म्हणजे भाऊ, तुम्हालाच सगळ्यात आधी ड्रॉप हँडल पाहिजे 😄

सपाट_हँडल

बायको हा धागा वाचते. हळू बोला.

शेपटीवाला

किमतीचं काय सांगितलंत घरी? मी अर्धी सांगितली होती. मग साडू आला, त्याने मोबाईलवर शोधून खरी काढली. साडू त्याच कामाचे.

रामबागकर_ताई

मी पूर्ण किंमत सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "इतक्यात सोन्याच्या पाटल्या झाल्या असत्या." दुसऱ्या दिवशी त्याच सासूबाई शेजारणीला बोलावून सायकल दाखवत होत्या. उचलून बघ म्हणे.

भाचा_५६

मामा, मी वाचून राहिलो आहे बरं का हे सगळं.

काल दुकानात जाऊन आलो. ५४ आणि ५६ दोन्हींवर बसलो, ५४ वर गुडघे हँडलला लागतात. मी पाच अकरा आहे, विसरलास काय? मला ५६ च लागते.

ती तुझी विकलेली कोणाकडे आहे आत्ता?

जुनी_हायब्रिड

...

नंबर शोधतो. महूला राहायचा तो.

हवा_कमी

😂😂 जुनी घेतलीत तर चेन आणि कॅसेट बदला आधी. आणि टोपी ठेवा खिशात.

पोहे_जीरावन

महूला जाणारच आहात तर रविवारी पुढे जाम गेटला जाऊ का सगळे? साडेपाचला राऊ चौराहा. ताईंना विचारा कोणी.

रामबागकर_ताई

येते. पण परतीचे पोहे कुठले ते आत्ताच ठरवा, मागच्या वेळी भांडणात पाऊण तास गेला.