कुनमिंगचे युन्नान जनजाती ग्राम: एक दिवस पुरेल का?

घोडबंदरकर:
नमस्कार. येऊरच्या पाड्यांवरील कुडाच्या भिंती पाहत मी वाढलो, त्यामुळे चीनच्या युन्नान प्रांतातील कुनमिंग शहरातल्या, दियानची सरोवराकाठच्या या खुल्या संग्रहालयाची मला विशेष ओढ आहे. तिथली घरे खरी वाटतात का, आणि एक दिवस पुरेल का?

वाशीकर:
पूर्ण दिवस ठेवा. चीनमधील ५६ मान्यताप्राप्त वांशिक गटांपैकी युन्नानमधील २५ अल्पसंख्याक गटांचे जीवन तिथे मांडले आहे. दाई लोकांचे बांबूचे घर खांबांवर उचललेले असते. खाली गुरे आणि अवजारे, वर माणसे. बाय समाजाच्या वाड्यात तीन बाजूंना खोल्या आणि चौथ्या बाजूला पांढरी भिंत असते, जिच्यावर पडलेले ऊन परतून अंगण उजळते. त्यांचा तीन फेऱ्यांचा चहा अवश्य घ्या: पहिला कडू, दुसरा गोड, तिसरा जिभेवर रेंगाळणारा. मला तो कडू घोटच अधिक आवडला.

ऐरोलीकर:
ही वस्ती दाखवण्यासाठी बांधलेली आहे, हे मात्र ध्यानात असावे; नाच पाहून समाज कळला असे मानणे त्या लोकांवर अन्याय ठरेल. शक्य असल्यास दाईंच्या जलोत्सवाच्या सुमारास, एप्रिलच्या मध्यास जा.

घोडबंदरकर:
मनापासून आभार. एप्रिलचेच तिकीट पाहतो.