मदत हवी आहे: मोगरा आत्ता छाटू का?

नमस्कार मंडळी. पुण्यात राहते, पश्चिमेकडची गच्ची, सगळी झाडं कुंड्यांत. फाल्गुन लागला, दुपारचं ऊन चटके देऊ लागलंय आणि कामं एकदम अंगावर आलीत.

मुख्य प्रश्न मोगऱ्याचा. १२ इंची कुंडी, मुळं तळाच्या भोकातून बाहेर डोकावतायत. थंडी यंदा रेंगाळली, त्यामुळे झाड आत्ता कुठे जागं होतंय. कळ्या नव्या फुटीवरच येतात, म्हणून छाटायला हात शिवशिवतोय. पण छाटणी आणि कुंडीबदल एकदम केला तर झाडाला झेपेल का? की आत्ता नुसते शेंडे खुडून शेणखत घालू आणि कुंडी पावसाळ्यात बदलू? शेजारच्या काकू म्हणतात, पाणी तोड आणि सगळी पानं ओरबाडून काढ. जमिनीतल्या वेलाला चालत असेल, पण या उन्हात कुंडीचं पाणी तोडायचा मला तरी धीर होत नाही. कुणी केलंय का असं?

दुसरं, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड). आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुते, मग संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि थोडा द्रव साबण. पण मुंग्या त्याला पुन्हा आणून सोडतात! त्यांचा बंदोबस्त कसा करता? रासायनिक नको, शेजारीच पुदिना आहे.

भेंडी-गवार पेरून झाली. शेडनेट (सावलीची जाळी) ५० टक्के ऊन अडवणारी घेऊ की ७५? भेंडीला ऊन हवं, पुदिन्याला सावली, आणि गच्ची एकच.