मदत हवी आहे: कृत्रिम रीफचं मॉडेल, किनाराही वाचावा आणि सर्फिंगची लाटही मिळावी

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं जळगावला सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहोत. प्रोजेक्ट आहे पाण्याखालच्या कृत्रिम रीफचा, म्हणजे किनाऱ्याजवळ समुद्रतळावर मुद्दाम रचलेल्या उंचवट्याचा. धूप होणारा किनारा सावरणं आणि त्याच रीफवर सर्फिंगजोगी लाट मिळवणं, ही दोन कामं एका बांधकामात कितपत जमतात ते बघायचंय. खान्देशात बसून समुद्र कशाला, असं व्हायवात विचारतीलच. पण किनाऱ्याला वाळू पुरवते नदी. आमच्या तापीची वाळू हतनूर धरणात अडते, पुढची १९७२ पासून गुजरातमधल्या उकाई धरणात. किनाऱ्याची उपासमार आमच्या दारातूनच सुरू होते, म्हणून विषय घेतला.

वाचलेल्यात ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टचं नॅरोनेक सगळ्यात उपयोगी वाटलं. १९९९ पासून तिथे वाळू भरलेल्या जिओटेक्स्टाईलच्या (मजबूत कृत्रिम कापडाच्या) अजस्र पिशव्या रचल्या. मुख्य हेतू किनारा टिकवणं, सर्फिंग दुय्यम. इंग्लंडमध्ये बॉस्कमला मात्र सुमारे ३० लाख पौंड खर्चून २००९ मध्ये खास सर्फिंगसाठी रीफ केली. लाट मनासारखी मिळाली नाही, पिशव्या खराब झाल्या आणि २०११ मध्ये ती बंद झाली. आपल्याकडे पुदुच्चेरीला एनआयओटीने (राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने) पाचरीच्या आकाराची पोलादी रीफ बसवली आणि गेलेली पुळण परत आली, पण तिथे सर्फिंग हा हेतूच नव्हता.

आमच्या मते खरा पेच असा: किनाऱ्यासाठी लाटेचा जोर रीफवरच मोडायला हवा, म्हणजे आडोशाला वाळू बसते. सर्फरला मात्र लाट एका टोकाकडून दुसरीकडे क्रमाने फुटत जायला हवी. अख्खी लाट एकदम कोसळली तर त्याला वाटच उरत नाही. नुसती वाळू टाकून किनारा भरला तरी सुरुवातीला उतार खडा होतो. १० सेकंदांच्या, २ मीटर उंच लाटेचा इरिबारेन अंक (तळाचा उतार आणि लाटेचा चढ यांवरून लाट कशी फुटेल ते सांगणारा आकडा) आम्ही काढला. १:३० उताराला तो ०.३ येतो, लाट फेसाळत सावकाश येते. १:१० ला ०.९ येतो, लाट काठावरच आपटते.

आता अडलंय ते. प्लायच्या चौकटीत शेततळ्याचा कागद अंथरून २० फूट लांब, ६ फूट रुंद टाकी केली आहे. लाटा वायपरच्या मोटरवर चालणाऱ्या फळीने उठतात. प्रमाण १:५०, म्हणजे २ मीटरची लाट ४ सेंटिमीटर आणि १० सेकंदांचे साधारण १.४ सेकंद. लाटा रीफवर छान वळतात, पण पलीकडच्या भिंतीवर आपटून परत येतात आणि दोन-तीन मिनिटांत सगळं पाणी डचमळतं. काथ्याच्या गाद्या लावून थोडा फरक पडला, पुरेसा नाही. त्या टोकाच्या काठाला उतार किती ठेवावा?

दुसरी अडचण वाळूची, आणि तीच जास्त छळते आहे. ०.३ मिलिमीटरचा कण १:५० ने लहान केला तर ६ मायक्रॉन होतो, म्हणजे गाळच. साधी चाळलेली वाळू वापरली तर रीफच्या आड पुळण बनायच्या ऐवजी बारीक वळ्या उठतात, बोटाच्या पेराएवढ्या, आणि त्या किनाऱ्याकडे सरकतच नाहीत. मोठ्या प्रयोगशाळा हलका कण म्हणून कोळशाचा चुरा वापरतात असं वाचलं. दीपनगरच्या औष्णिक केंद्रातली तळाची राख चालेल का? कुणी वापरली असेल तर चाळणीचं माप सांगा.

सर्फिंग करणाऱ्यांनाही एक विचारायचंय. पील अँगल (लाटेचा माथा आणि ती फुटत जाते ती फेसाची रेघ यांतला कोन) ३० अंशांच्या खाली गेला की लाट गाठणं पट्टीच्या सर्फरलाही कठीण, असं वाचनात आलं. शिकाऊ माणसाला किती अंश बरे पडतात? रीफच्या बाजूंचा कोन त्यावरच ठरवायचाय.

भर: खाली दोघांनी सॉफ्टवेअर सुचवलं, आभार. पण सरांनी प्रत्यक्ष मॉडेलच मागितलंय, आणि आम्हालाही वाळू डोळ्यांनी सरकताना बघायची आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात लाटांची मॉडेलं विद्यार्थ्यांना बघू देतात का, परवानगीसाठी अर्ज कुणाच्या नावे करावा, हे माहीत असणाऱ्या दादा-ताईंनी कृपया लिहा. कॉलेजचं पत्र लगेच मिळेल.