मदत हवी आहे: घराच्या फोटोंचा सेट कसा लावायचा?

नमस्कार मंडळी, शहापुरातलं आमचं जुनं कौलारू घर दिवाळीनंतर पाडणार, म्हणून त्याचा फोटोंचा एक सेट करूलालोय. २०१८ मध्ये मॅग्नम ह्या फोटोग्राफरांच्या जागतिक संस्थेतल्या १६ जणांनी 'घर' हा एकच विषय घेऊन ज्यानं त्यानं आपापल्या परीनं मांडला होता, त्यात मार्क पॉवरनं मुलगी शिकायला घर सोडून जाते तेवढंच धरलं, मला ते लई पटलं, भिंती-दारं राहिली बाजूला. पण आमच्याकडं कॅमेरा दिसला की सगळे ताठ उभे, आज्जी तर नवं लुगडं नेसूनच येते (तोच फोटो सगळ्यात भारी आलाय म्हणा!). सोप्यात हातमागाचा खड्डा अजून आहे, माग कधीच गेला, आता त्यात तांदळाचे डबे. तर सांगा, माणसं आणि रिकाम्या खोल्या एकाच सेटमध्ये मिसळू की वेगळ्या ठेवू? माजघरात कौलातल्या काचेतनं येतो तेवढाच उजेड, मग ट्रायपॉड लावून शटर स्लो ठेवू की आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढवू? १२-१५ फोटोंतच बसवायचंय. आणि बेळगावात मॅट पेपरवर चांगले प्रिंट कोण काढून देतं?