यॉर्कशायर स्कल्प्चर पार्क: एका दिवसात काय पाहावे?

प्रश्न
येत्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघे लेकीकडे इंग्लंडमधील लीड्सला जाणार असून, वेकफिल्डजवळच्या यॉर्कशायर स्कल्प्चर पार्कसाठी एक दिवस राखून ठेवला आहे. अठराव्या शतकातील ब्रेटन हॉल या जमीनदारांच्या वाड्याच्या सुमारे ५०० एकर आवारात हे शिल्पोद्यान आहे, एवढे वाचले आहे. शिल्पकार हेन्री मूर यांची शिल्पे आम्ही संग्रहालयात पाहिली आहेत. ती मोकळ्या माळावर पाहताना खरोखर काही फरक पडतो का? पत्नीला फार चालवत नाही, तेव्हा काय चुकवू नये, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
फरक पडतो, आणि तो मोठा आहे. मूर यांचे ‘लार्ज टू फॉर्म्स’ हे ब्राँझ दुरून पाहिले तर कुरणातल्या दोन प्रचंड खडकांसारखे वाटते. जवळ जावे तशी त्याच्या पोकळ्यांतून पलीकडची झाडे आणि आकाश दिसू लागते, आणि वळसा घालताना ते दोन आकार कधी एकमेकांना बिलगतात, तर कधी दूर सरतात. भोवती मेंढ्या चरत असतात. त्या केवळ शोभेसाठी आहेत असे समजू नये, कारण आपल्या शिल्पांशेजारी मेंढीचाच आकार योग्य प्रमाणात दिसतो, असे मूर यांचे मत होते. ते स्वतः जवळच्याच कॅसलफर्डचे, जन्म १८९८ चा.

प्रतिसाद २
शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांना विसरू नका. त्यांचा जन्म वेकफिल्डचाच, १९०३ चा. १९७० मधील ‘द फॅमिली ऑफ मॅन’ या त्यांच्या समूहात नऊ ब्राँझ आकृत्या उतारावर उभ्या आहेत: पूर्वज, आईवडील, तरुण-तरुणी, वधू आणि वर, आणि शेवटी ‘अंतिम रूप’. त्यांच्यामधून चालता येते, आणि तसे चालल्याशिवाय त्या आकृत्यांमधले नाते कळत नाही.
वहिनींना बसून पाहता येईल असे ठिकाण म्हणजे जेम्स टरेल यांचे ‘डिअर शेल्टर स्कायस्पेस’. जमीनदारांच्या हरणांसाठी अठराव्या शतकात बांधलेल्या आसऱ्याच्या कमानी जशाच्या तशा ठेवून, त्यामागे २००६ मध्ये एक दालन केले आहे. छताला चौकोनी झरोका असून त्याची कड इतकी पातळ आहे की आकाश छतावरच ताणून बसवल्यासारखे भासते. ढगाळ दिवस असला तरी हिरमोड होऊ देऊ नये. सरकत्या ढगांनी तो चौकोन सतत बदलत राहतो.

प्रतिसाद ३
वरील दोघांशी मी सहमत आहे, परंतु सुरुवात शिल्पांपासून न करता वाडा, तळी आणि १७४४ चे चॅपल यांपासून करावी, असे सुचवतो. ही झाडी, हे उतार वेंटवर्थ आणि पुढे बोमाँट घराण्याने घडवले; १९४९ मध्ये वाड्यात शिक्षकांचे महाविद्यालय आले, आणि तेथेच शिकवणारे पीटर मरे यांनी १९७७ मध्ये हे उद्यान सुरू केले. जमीन आधी पाहिली की शिल्प तिथेच का उभे केले, हे उमगते. अँडी गोल्ड्सवर्दी यांच्या ‘हँगिंग ट्रीज’मध्ये तर इस्टेटीचा दगडी गडगाच शिल्प झाला आहे: चुन्याविना रचलेल्या भिंतींच्या चौकटीत झाडांचे ओंडके आडवे अडकवले आहेत. ते मात्र ऑक्सली बँक नावाच्या चढावर आहे. वहिनींना तळ्याकाठी विसावू द्यावे आणि आपण लेकीबरोबर जाऊन यावे.